चाळीस टक्क्यांची खिडकी

पुणे, ६ ऑक्टोबर १९९७

चि. पूर्वास,
सप्रेम जयभीम.

तू जाऊन आठ दिवस झाले. ताट तसंच टाकून गेलीस. आईने ते झाकून ठेवलं. दुपारी मी जेवलो.

तुझा प्रश्न साधा होता. आयकर खात्यातल्या नव्या नोकरीत स्वतःची आणि घरच्यांची मालमत्ता लिहून द्यायची असते, म्हणून तू या सदाशिव पेठेतल्या घराचा करारनामा काढलास. करारनाम्यात किंमत दोन लाख. घर पाच लाखांना घेतलं, हे तुला आठवत होतं, कारण त्या वर्षी आपल्याकडे दुसरा विषयच नव्हता. बँकेचं कर्ज दोन लाखांचं. "उरलेले तीन लाख कुठून आले, बाबा?" मी म्हणालो, जॅकपॉट लागला होता. तू म्हणालीस, "मग कर कापल्याचं प्रमाणपत्र दाखवा." मी म्हणालो, ते माझ्या नावावर नाही. यापुढे तू काही विचारलं नाहीस. बॅग भरलीस.

तू विचारलं नाहीस ते आता लिहितो.

शनिवार-रविवारी मी रेसकोर्सवर तिकिटं द्यायला आणि जिंकलेल्यांचे पैसे मोजायला खिडकीत बसतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. बँकेतले आम्ही चारपाच जण होतो. नोटा मोजायची सवय असलेली माणसं त्यांना हवी असतात. बँकेतून निवृत्त झालो तरी हे काम मी सोडलं नाही. खिडकीतल्या माणसाने स्वतः खेळायचं नाही, असा नियम आहे. तेरा वर्षांत मी तो एकदाच मोडला. सप्टेंबर १९९२. आमच्या बँकेतला शिपाई दत्तोबा खेळायचा. त्याच्याकडे पैसे दिले, घोडे मी सांगितले. पाच शर्यतींचे पाच घोडे. पाचही आले. चार लाख.

त्यातले चाळीस टक्के खिडकीवरच कापतात. एक लाख साठ हजार सरकारचे. हातात दोन लाख चाळीस. कापायचं काम माझंच असे.

रेसकोर्सवर काही माणसं घोड्यांकडे पाहत नाहीत. ती लागलेल्या तिकिटांच्या शोधात असतात. कर कापून जे मिळेल त्यापेक्षा जास्त रोख देतात आणि तिकीट घेतात. मग ज्याच्याकडे दाखवता न येणारा पैसा आहे, तो ते तिकीट आपलं म्हणून खिडकीवर देतो, कर कापून घेतो, आणि रक्कम मोठी असली की उरलेले पैसे त्याला चेकने मिळतात. कुणी विचारलं तर सांगायला घोडा असतो. माझ्या तिकिटाचे मला तीन लाख मिळाले.

मी खिडकीतला माणूस. ते तिकीट घेऊन मी पुढे गेलो असतो तर काम गेलं असतं, बँकेतही चौकशी झाली असती. विकण्याशिवाय मार्ग नव्हता.

आणि सरकारचं काही बुडालं नाही. एक लाख साठ हजार त्यांना मिळाले. माझ्या नावाने मिळाले नाहीत, एवढंच.

बाबा


१५ ऑक्टोबर

चि. पूर्वा,

दसऱ्याला तू दीक्षाभूमीवर गेली होतीस, हे आईला आलेल्या पत्रातून कळलं. म्हणजे मला कळवलं गेलं. आईने पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि घडी करून डब्यांमागे ठेवलं. मी विचारलं, "माझ्याबद्दल काही?"

"एक ओळ आहे."

"वाच की."

"तीस टक्के हा चोरांचा दर आहे."

म्हणजे माझं पत्र तू वाचलंस. शिवाय मी त्यात न लिहिलेलंही वाचलंस. सरकारच्या नव्या योजनेचा मी विचार करत होतो, हे खरं आहे. रोज पेपरात जाहिरात येते. पूर्वी दडवलेलं उत्पन्न ३१ डिसेंबरपर्यंत जाहीर करा, तीस टक्के भरा, कुणी काही विचारणार नाही. मला ती सोयीची वाटली होती.

आई म्हणाली, "तुम्ही लिहीत राहा. उत्तर येणार की नाही ते पोस्टमनला विचारा."

मी म्हणालो, उत्तर येईल. पहिल्या सुट्टीत तू आलीस तेव्हा नागपूरला काय शिकवतात ते सांगत होतीस. करदात्याचं पत्र टेबलावर पडू द्यायचं नाही, त्याला उत्तर मिळालंच पाहिजे. आई म्हणाली, "तुम्ही करदाता कुठे आहात?"

मी हे पत्र लिहायला बसलो.

बाबा


४ नोव्हेंबर

चि. पूर्वा,

काल आयकर कार्यालयात जाऊन आलो. नुसता चौकशीला. योजनेच्या फॉर्मसाठी मोठी रांग होती. माझ्या ओळखीचे चेहरे दोन होते, दोघेही लक्ष्मी रोडचे दुकानदार. कुणी मान खाली घातलेली नव्हती. डबे आणले होते. एकमेकांना पेन देत होते. माझ्या खिडकीपुढे जिंकलेल्या माणसांची रांग असते, तशी ती रांग होती.

टेबलावर एक तरुण निरीक्षक होता. मी सगळं सांगितलं, नावं सोडून. त्याने पेन खाली ठेवलं.

"काका, त्या तिकिटावर कर कापला गेला ना?"

"गेला."

"मग त्याच घोड्यावर सरकारने पुन्हा कर घ्यायचा?"

"घोड्यावर नाही. माझ्यावर."

"तुम्हाला कुणी नोटीस दिलीय?"

"नाही."

"कुणी तक्रार केलीय?"

"मुलीने."

तो हसला. मग म्हणाला, "तिकीट विकून आलेलं उत्पन्न म्हणून दाखवा. तीन लाखांवर तीस टक्के. नव्वद हजार. पण खरं सांगू का, तुमच्याजागी मी असतो तर घरी जाऊन झोपलो असतो."

घरी येताना मला एक माणूस आठवला. १९९४ चा हंगाम. टिळक रोडवरच्या एका हॉटेलात भांडी घासायचा. त्याला एकाहत्तर हजार लागले होते. मी कर कापून पैसे दिले. त्याने दोनदा मोजले.

"साहेब, एवढे का कापले?"

"नियम आहे."

"सगळ्यांचेच कापतात?"

"सगळ्यांचेच."

तो मान डोलावून गेला. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास बसला, कारण मी खिडकीच्या आत होतो. त्याचे चाळीस टक्के गेले. आता माझे तीस जाणार, आणि वर सरकार आभाराचं प्रमाणपत्र देणार. चोरांचा दर म्हणजे काय, ते मला कालपासून समजतं आहे.

मी चाळीस भरणार आहे. एक लाख वीस हजार. ठेव मोडावी लागेल. आईला सांगितलं. ती म्हणाली, "पाच वर्षं झाली तरी तुमच्या घोड्याला चारा लागतोच आहे." मग म्हणाली, "मोडा."

यंदाचा हंगाम संपला. शेवटच्या रविवारी रणजित खिडकीवर आला होता. रणजितबद्दल तुला काहीच ठाऊक नाही. आज लिहवत नाही.

बाबा


२५ नोव्हेंबर

चि. पूर्वा,

ज्याने माझं तिकीट घेतलं त्याचं नाव जयसिंग. कात्रजचा जमीनदार, आता बिल्डर. भरायच्या आधी त्याला कल्पना द्यावी म्हणून मी कार्ड टाकलं: "आपले १९९२ चे काम मी सरकारला कळवत आहे." परवा तो घरी आला. टाटा सुमो गल्लीत मावली नाही, म्हणून तोंडाशी लावून चालत आला. हातात पेढ्यांचा पुडा.

"तात्यासाहेब, असलं कार्डावर लिहित्यात व्हय? पोस्टमनपास्नं समद्या गावानं वाचलं. लोकं इचारत्यात, कसलं काम वं?"

मी म्हणालो, पाकीट वापरायला हवं होतं. चूक झाली.

"आमचं नाव येनार का त्यात?"

"फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

"मंग झालं तर. भरा की तुमचं तुमी." तो खुर्चीत मागे टेकला. घर पाहू लागला. "चांगली जागा घेतली. पेठेत घर म्हंजी काय चेष्टा न्हाई."

"तुमच्या पुतण्याला मात्र मी सांगणार आहे. रणजितला. तो जॅकपॉट तुमचा नव्हता म्हणून."

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "ते कशापायी? पोरगं आनंदात हाय."

"तो आनंदात नाही. तुम्हाला माहीत आहे."

"तात्यासाहेब, लोकं मला नशीबवान म्हंत्यात. त्येच्यावर माझं फ्लॅट इकलं जात्यात. नशीबवानाच्या हातचं घर लोकांना पायजे असतंय. आता तुमी सांगत सुटला तर कसं व्हायचं?" थोडं थांबून म्हणाला, "तुमची लेक त्याच खात्यात हाय ना? नवी नोकरी. जपा तिला."

"तिच्यामुळेच चाललंय हे."

तो उठला. हात जोडले. रागावलेला दिसला नाही. हिशेब करत असलेला दिसला. दारापर्यंत गेल्यावर आईने पुडा त्याच्या हातात परत दिला.

"पेढे न्या. आमच्याकडे कुणाला काही लागलेलं नाही."

तो जिना उतरून गेल्यावर आई मला म्हणाली, "रणजित कोण?" पाच वर्षांत मी तिलाही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ती ऐकून आत गेली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. आता तुम्ही दोघी झालात.

बाबा


१४ डिसेंबर

पूर्वा,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की विकण्याशिवाय मार्ग नव्हता. ते खोटं आहे.

तिकीट दत्तोबाने काढलं होतं. निकाल लागल्यावर तो माझ्याकडे धावत आला. म्हणाला, "साहेब, मीच देतो खिडकीवर. कर कापून येईल तेवढं तुमच्या हातात ठेवतो. मला एक शर्ट घ्या." तो तसंच करणार होता. माझं नाव कुठेही आलं नसतं. नोकरीचं कारण मी नंतर शोधलं आणि इतकी वर्षं वापरलं, त्यामुळे ते मला खरं वाटू लागलं होतं.

खरं कारण साठ हजार. घरमालकाला वर तीन लाख रोख हवे होते. कर कापून माझ्याकडे दोन लाख चाळीस येणार होते, आणि तेही चेकने.

त्याआधी दोन वर्षं आपण पेठेत भाड्याची खोली शोधत होतो. तुला कॉलेज जवळ पडावं, अभ्यासिका जवळ पडावी. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. एका बाईंनी खोली दाखवली, नळ दाखवला, आणि मग नाव विचारलं. तू बरोबर होतीस. नळ चालू होता, तू तो बंद केलास. विकत घेताना मात्र आडनाव कुणी विचारलं नाही. रोख किती, एवढंच विचारलं. काळ्या पैशाला जात नव्हती. हे मी समर्थन म्हणून लिहीत नाही. त्या वेळी मला ते समर्थन वाटलं होतं.

आता रणजित.

ते तिकीट घेऊन जयसिंग माझ्याच खिडकीवर आला. योगायोगाने नाही. मोठ्या रकमा माझ्या खिडकीवर देत. मी तिकीट तपासलं. माझंच तिकीट. कर कापला. प्रमाणपत्रावर नाव लिहायचं काम माझं. मी जयसिंगचं नाव लिहिलं, गावासकट, रक्कम अक्षरी. माझं अक्षर तू ओळखतेस. तुझ्या पाटीवर पहिलं तेच होतं. नाव लिहिताना हात थांबला नाही, याचं मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

त्याच्या शेजारी पिशवी धरून पुतण्या उभा होता. वीसएक वर्षांचा. काकाला लागलेला जॅकपॉट त्याने डोळ्यांनी पाहिला.

पुढच्या हंगामात तो एकटा आला. माझ्याच खिडकीवर. मी म्हणालो, शेजारची खिडकी रिकामी आहे. तो म्हणाला, "न्हाई सायेब, हीच. हितनंच काकास्नी लागला." तेव्हापासून पाच हंगाम. रांग कितीही असो, तो माझ्यापुढेच उभा राहतो. तिकीट हातात घेतलं की खिडकीच्या फळीला शिवून हात कपाळाला लावतो. दूध डेअरीच्या कामाला त्याचा स्वतःचा टेम्पो होता. दुसऱ्या हंगामानंतर तो दुसऱ्याचा टेम्पो चालवू लागला. रस्त्यासाठी जमीन गेली, त्याच्या वाट्याचे पैसे आले. तेही माझ्या हातून गेले. मी मोजून घेतले. एकदा शंभराची नोट जास्त आली तर परत केली. तो म्हणाला, "सायेब, तुमच्यासारखा सरळ मानूस न्हाई."

एकदा त्याने विचारलं, "काकांनी पैसं घेतलं तवा तुमीच व्हता ना?"

मी म्हणालो, "हो. मीच दिले."

यात एकही शब्द खोटा नव्हता. खोटं न बोलण्याचं चौथं शील मी रोज म्हणतो, आणि त्या रविवारीही म्हटलं.

तू कराबद्दल रागावलीस. तुला वाटलं, मी सरकारपासून पैसे लपवले. मी पैसे लपवले नाहीत. माझं नाव लपवलं. जिंकणाऱ्याने स्वतःच्या नावाने कर भरायचा असतो, तो केवळ सरकारला पैसे मिळावेत म्हणून नाही, हे मला त्या पोराकडे पाहून कळायला हवं होतं. कोण जिंकलं ते लोकांना खरं कळलं पाहिजे. ते कळलं की कोण हरतं आहे तेही कळतं.

बाबा


२४ डिसेंबर

चि. पूर्वा,

भरले.

सकाळी सातला रांगेत उभा राहिलो, दुपारी अडीचला खिडकीशी पोहोचलो. आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरून इतका वेळ. आत बसलेल्या माणसाला किती कमी दिसतं, हे बाहेरून कळतं.

चलनावर मी एक लाख वीस हजार लिहिले होते. आतल्या बाईंनी ते परत सरकवलं.

"तीन लाखांवर नव्वद होतात."

"मला चाळीस टक्क्यांनी भरायचे आहेत."

"का?"

"रेसच्या पैशावर चाळीस आहे."

"या योजनेत तीस आहे."

"जास्त घेता येत नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला. "आजोबा, सकाळपासून चारशे माणसं आली. कमी होतील का, असं सगळ्यांनी विचारलं. जास्त घ्या म्हणणारे तुम्ही पहिले. जास्त घेतले तर ते मी कुठे लिहू?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काकांना दान करायचं असेल तर पर्वती आहे की." रांग हसली.

मी नवं चलन लिहिलं. नव्वद हजार. पावती मिळाली. माझ्या नावाची. तात्याराव, वडिलांचं नाव, आडनाव. या घरासाठी रोख दिलेल्या पैशांपुढे माझं आडनाव पहिल्यांदाच लिहिलं गेलं.

उरलेले तीस हजार पाकिटात घालून घरी आणले. आईने ते पाहिलं. "घेतले नाहीत?"

"नाही."

"मग आता?"

"कात्रज."

ती आत गेली आणि माझा मफलर घेऊन आली. एक महिन्याने ती माझ्याशी बोलली होती, पण हे मी तिला म्हणालो नाही.

बाबा


२ जानेवारी १९९८

चि. पूर्वास,

रविवारी स्वारगेटवरून बस धरली आणि कात्रजला गेलो. रेसकोर्सचं काम त्याआधीच सोडलं होतं; राजीनामा दोन ओळींचा, कारणाशिवाय.

रणजितचं घर डेअरीच्या मागे, दोन खोल्यांचं. तो आणि आई. आईचं नाव मथुराबाई, जयसिंगची धाकटी भावजय. मला पाहून रणजित उठूनच उभा राहिला. "आये, खिडकीवालं सायेब!" सतरंजी आली, पाणी आलं, चहा चढला. समोर देवाची फळी होती. देवांच्या शेजारी काचेच्या चौकटीत त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. वर हळदकुंकू. खाली माझं अक्षर.

मी चहाची वाट पाहिली नाही.

"रणजित, तो जॅकपॉट तुझ्या काकांना लागला नव्हता. मला लागला होता. मी तिकीट त्यांना विकलं."

तो चौकटीकडे पाहू लागला. "पन नाव तर काकांचं हाय."

"नाव मी लिहिलं."

"काकास्नी लागलाच न्हाई?"

"नाही. कधीच नाही."

"तुमास्नी लागला?"

"हो."

त्याने चौकटीवरची नजर काढली. मला वाटलं, त्याच्या डोक्यातलं वेड आता उतरलं. मलाही तेव्हा हलकं वाटू लागलं होतं. मग त्याने मांडीवर थाप मारली. चेहरा उजळला.

"म्हंजी खिडकी खरीच हाय की, सायेब! मानूस आत बसून जितला!"

पूर्वा, मी पाच वर्षं घाबरत होतो ती गोष्ट ही नव्हती. तो रागावेल, शिव्या देईल, रडेल, याची मी तयारी करून गेलो होतो. खऱ्याचाही त्याला पुन्हा खेळायला उपयोगच करता आला. मी म्हणालो, मी आता तिथे नाही. तो म्हणाला, "खिडकी हाय न्हवं?"

"गप," मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी चहा माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या. "माझ्या पोराचं पैसं तुमी मोजून घेत व्हता, तवा हे तुमास्नी ठावं व्हतं?"

"हो."

"पाच वरीस?"

"हो."

"च्या घ्या. निवाय लागलाय."

मी घेतला. पूर्ण घेतला. मग पाकीट काढून सतरंजीवर ठेवलं. हे तीस हजार कराचे, सरकारने घेतले नाहीत, हे सांगितलं. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही.

"म्हंजी सरकारचंच की. ते माझ्या दारात कशाला? उंद्या मागाय आलं म्हंजी?"

"मागणार नाहीत. रणजितचे गेलेत, त्यातले समजा."

"त्याचं तुमी न्हाई घेतलं. ते तिकडं गेलं. तुमी निस्तं मोजलं." त्या थांबल्या. "मोजल्याचं काय देनार तुमी?"

मी पाकीट उचलून परत खिशात घातलं.

निघताना त्या उठल्या, फळीवरून चौकट काढली. रणजित म्हणाला, "आये, र्‍हाऊ दे की." त्यांनी पदराने हळदकुंकू पुसलं आणि चौकट माझ्या हातात दिली. "तुमचं अक्षर हाय न्हवं? तुमी न्या." रणजित मला बसपर्यंत सोडायला आला. बस आल्यावर विचारलं, "सायेब, घोडं कंचं व्हतं?" मी म्हणालो, आठवत नाही. पाचही घोडे मला नावानिशी आठवतात. हे मी पुन्हा खोटं बोललो, आणि या वेळी मला त्याची लाज वाटली नाही. याचा अर्थ काय लावायचा, तो तू लाव.

पुढच्या जुलैत हंगाम सुरू होईल. त्या खिडकीत दुसरा कुणी बसेल आणि रणजित त्याच्यापुढे उभा राहील. दर रविवारी स्वारगेटहून पहिली बस धरून त्याच्या दारात बसायचं मी ठरवलं आहे. तो निघाला की मीही त्याच्याबरोबर निघेन. खिडकीच्या बाहेर, त्याच्या शेजारी उभा राहीन. हात धरणार नाही. मी शेजारी असलो की त्याला फळीला शिवून हात कपाळाला लावायला अवघड होईल, एवढीच आशा. आई म्हणते, "तोही म्हणेल, आता तर नशीबच सोबत आलं." शक्य आहे.

सप्टेंबरात तू प्रमाणपत्र मागितलं होतंस. त्याची झेरॉक्स काच काढून सोबत जोडली आहे. नाव दुसऱ्याचं आहे, अक्षर माझं. नव्वद हजारांच्या पावतीची प्रतही जोडली आहे. त्यावर नाव माझं आहे, अक्षर दुसऱ्याचं. दोन्ही एकत्र ठेव.

तीस हजार टेबलाच्या खणात आहेत. खिडकी घेत नाही, मथुराबाई घेत नाहीत, आणि ते माझे नाहीत. ते कुठे भरायचे, हे मला कुणी सांगू शकत नाही. तुम्हाला तिथे शिकवत असतील.

हे मी वडील म्हणून विचारत नाही. वडिलांच्या पत्राला तू तीन महिने उत्तर दिलं नाहीस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सोबतची पावती पाहा. २४ डिसेंबरपासून मी करदाता आहे.

उत्तराची वाट पाहतो.

तात्याराव
सदाशिव पेठ, पुणे ३०